मदत हवी आहे: पोझ न देता मुलांचे आणि घरच्यांचे फोटो कसे काढावेत?

मंडळी, बहिणीकडे सगळे जमणार आहेत आणि फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साडेतीन वर्षांचा भाचा, सात वर्षांची भाची, त्यांचे आईबाबा, आजी-आजोबा. बहिणीची अट एकच: रांगेत उभे करून काढलेले फोटो नकोत.

खरी अडचण मोठ्यांची आहे. मी कॅमेरा उचलला रे उचलला की मागून "इकडे बघ, हस!" सुरू. मग भाची ते ठेवणीतलं हसू काढते, दात सगळे दिसतात, डोळे मात्र हसत नाहीत. भाच्याला कॅमेराच हातात हवा असतो. आणि भावोजींना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस, ३५ मिमी एफ/१.८ लेन्स आणि कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स. घरात एक मोठी खिडकी आहे, फ्लॅश वापरायचा नाही. सेटिंग काय ठेवू? आणि या लोकांना मोकळं कसं करू?

प्रतिसाद १
मॅन्युअल मोडवर शटर १/५०० सेकंद, मुलं बसून खेळत असतील तर १/२५०. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटो. ३२०० पर्यंत गेला तरी जाऊ द्या, थोडा ग्रेन (दाणेदारपणा) चालतो, हललेला चेहरा नाही चालत. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एकच मूल असेल तर एफ/२, दोघं पुढेमागे असतील तर एफ/४. फोकस कंटिन्युअस (हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करणारा), आय डिटेक्शन (डोळे शोधून त्यांवर फोकस) चालू.

खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळसर उजेड येतो. खेळणी खिडकीच्या बाजूला नेऊन ठेवा, मुलं आपोआप तिकडे जातील. जागा तुम्ही ठरवायची, पुढचं त्यांच्यावर सोडायचं. आणि जमिनीवर बसा हो! उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती डोकी दिसतात.

प्रतिसाद २
जो ओरडेल त्याला फ्रेममध्ये पाठवा. आजी मागून हाक मारत असतील तर त्यांनाच भाचीची वेणी घालायला बसवा. भावोजींनी भाच्याला खांद्यावर घेतलं की हातांचा प्रश्न मिटला. "हसा" म्हणण्यापेक्षा काम द्या.

भाच्याच्या गळ्यात पट्टा अडकवून कॅमेरा खरंच देऊन टाका थोडा वेळ. तो फोटो काढताना मोठे जे खदखदून हसतील ते तुम्ही मोबाईलवर टिपा.

प्रतिसाद ३
वरचं सगळं मान्य, पण आजी-आजोबांसाठी एक रांगेतला फोटो सुरुवातीलाच उरकून घ्या. नाहीतर "सगळ्यांचा एक राहिलाच" हे शेवटपर्यंत ऐकाल. किट लेन्स १८ मिमीवर, म्हणजे सगळ्यात रुंद, असेल तर कडेला कुणाला उभं करू नका, चेहरा ताणला जातो.

धागाकर्ता
वेणीची कल्पना भारी! सायलेंट शटर वापरू का? आणि दुपारनंतर खिडकीतून थेट ऊन येतं, त्याचं काय?

प्रतिसाद १
मुलं शांत बसलेली असताना वापरा. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, पळताना त्यात हातपाय वाकडे येऊ शकतात, एलईडी दिव्याखाली पट्टेही येतात. उन्हासाठी पातळ पांढरा पडदा ओढा. रंगीत नको, त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो.