ऑटिझम आणि एबीएमध्ये पुढचं शिक्षण: भारतात राहून ऑनलाइन मास्टर्स घ्यावी का?

प्रश्न: ओंजळ (पुणे)

नमस्कार. मानसशास्त्रात एमए झालं आहे. सध्या ऑटिझम असलेल्या सहा वर्षांच्या मुलासोबत शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी) म्हणून काम करते. याच क्षेत्रात, म्हणजे ऑटिझम आणि अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिसमध्ये (एबीए, म्हणजे वर्तन मोजून-तपासून कौशल्यं शिकवण्याची पद्धत), पुढे शिकायचं आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे ऑनलाइन मास्टर्स पाहिले, फी दहा लाखांच्या वर जाते. माहितीपत्रकात 'बीसीबीए परीक्षेसाठी लागणारा अभ्यासक्रम पूर्ण होतो' असं लिहिलेलं असतं.

पुण्यात राहून बीसीबीए, म्हणजे बोर्डाचं प्रमाणपत्र असलेली वर्तन-विश्लेषक, होता येतं का? येत नसेल तर इथे रीतसर काम करायला काय लागतं? शॅडो टीचिंगचे तास फील्डवर्कमध्ये, म्हणजे प्रमाणपत्रासाठी सुपरव्हिजनखाली करायच्या कामात, धरतात का? आणि कोर्स खरंच शिकवणारा आहे की नुसत्या व्हिडिओंचा, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं? दोन वर्षांनी नवऱ्याची कंपनीतर्फे अमेरिकेत बदली होण्याची शक्यता आहे, तेही धरून सांगा.

उत्तर: मोजपट्टी

पुण्यात राहून नाही होता येत. बीसीबीए देणाऱ्या अमेरिकन मंडळाने, म्हणजे बीएसीबीने, १ जानेवारी २०२३ पासून नवे अर्ज मोजक्या देशांच्या रहिवाशांपुरते ठेवले आणि त्यांत भारत नाही. अट राहण्याच्या ठिकाणाची आहे, नागरिकत्वाची नाही. माहितीपत्रकातलं वाक्य खोटं नाही, पण ते फक्त अभ्यासक्रमाबद्दल आहे. अर्ज करताना तुम्ही कुठे राहत असाल, हा प्रश्न विद्यापीठाच्या अखत्यारीत येतच नाही.

आता पैशांचा मुद्दा. तुमच्याकडे एमए आहेच. बीएसीबीच्या २०२२ च्या निकषांत मास्टर्स कुठल्याही विषयातली चालते. परदेशी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि तीन अधिक दोन वर्षांच्या आपल्या एमएला त्यात मास्टर्सची समकक्षता सहसा मिळते. मग उरतो तो वर्तन-विश्लेषणाचा ठरावीक अभ्यासक्रम: ३१५ तास, म्हणजे तीन क्रेडिटचे सात विषय. बरीच विद्यापीठं एवढाच भाग ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणून वेगळा देतात. दुसऱ्या मास्टर्सवर दहा लाख घालण्याचं कारण मला तरी दिसत नाही. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना नवे निकष लागू आहेत, त्यामुळे कोर्स निवडताना नवं हँडबुक समोर ठेवूनच विद्यापीठाला लेखी विचारा.

भारतातून देता येणारी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत: आयबीएओ या संस्थेचं आयबीए आणि क्यूएबीए या संस्थेचं क्यूबीए, दोन्ही वर्तन-विश्लेषकांसाठी. दोन्हींना अभ्यासक्रम, सुपरव्हिजनखालचं काम आणि परीक्षा लागते. पण यातलं एकही प्रमाणपत्र म्हणजे भारतातला परवाना नव्हे.

इथला कायदा म्हणजे १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा, आपण म्हणतो तो आरसीआयचा. परिषदेच्या यादीतल्या व्यवसायांत, म्हणजे विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ऑडिओलॉजिस्ट वगैरे, नोंदणीशिवाय काम करणं कलम १३ नुसार गुन्हा आहे. त्या यादीत 'बिहेविअर अ‍ॅनालिस्ट' ही स्वतंत्र वर्गवारी नाही. ती आढळते २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत, वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात. त्या कायद्याखालच्या नोंदणीवर लक्ष ठेवा. पण आज मुलांसोबत शाळेत किंवा केंद्रात रीतसर उभं राहायचं असेल, तर सर्वांत भक्कम रस्ता म्हणजे आरसीआयमान्य बी.एड. विशेष शिक्षण, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता या क्षेत्रात. दोन वर्षांचा कोर्स, पदवीला ५० टक्के लागतात. कॉलेजची मान्यता त्या वर्षासाठी, त्याच क्षेत्रासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा, कॉलेजच्या पाटीवर नको.

बदलीबद्दल: कंपनीतर्फे बदली म्हणजे बहुतेक एल-१ व्हिसा. एल-२ वरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवर, एल-२एस अशी नोंद आहे ना, एवढं बघायचं. तेच जर एच-१बी निघालं, तर एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) शिकता येतं, पण कामाचा परवाना ठरावीक अटी पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोपर्यंत बिनपगारी फील्डवर्कसुद्धा 'काम' धरलं जाण्याचा धोका असतो, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय सुरू करू नका. व्हिसा कोणता हे नवऱ्याच्या एचआरकडून आत्ताच काढून घ्या, कारण तुमचं फील्डवर्क कधी सुरू होणार ते त्यावरच ठरेल.

उत्तर: कासरा

फील्डवर्कचं गणित मांडतो, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. आकडे २०२२ च्या निकषांचे.

साधं फील्डवर्क २००० तास, महिन्याच्या तासांच्या किमान ५ टक्के सुपरव्हिजन, महिन्यातून सुपरवायझरशी किमान चार भेटी. घन स्वरूपाचं (कॉन्सन्ट्रेटेड, जास्त सुपरव्हिजनचं) केलं तर १५०० तास, पण सुपरव्हिजन १० टक्के आणि भेटी सहा. दोन्हींत महिन्याला कमीत कमी २० तास लागतात, आणि जास्तीत जास्त तासांनाही मर्यादा आहे. दर महिन्याला एकदा तरी सुपरवायझरने तुम्हाला प्रत्यक्ष मुलासोबत काम करताना पाहिलं पाहिजे. ग्रुपमधली सुपरव्हिजन एकूण सुपरव्हिजनच्या निम्म्याहून जास्त चालत नाही.

आता तुमचा शॅडो टीचिंगचा प्रश्न. किमान ६० टक्के तास 'अनिर्बंध' कामाचे हवेत: निरीक्षण, मूल्यांकन, कार्यक्रम लिहिणं, ग्राफ वाचून पुढचा निर्णय घेणं, पालकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना शिकवणं. मुलाशेजारी बसून ठरलेला कार्यक्रम राबवणं हे 'निर्बंधित' काम. २००० तासांत ते फार तर ८०० धरता येतं. शॅडो टीचरचा जवळजवळ सगळा दिवस याच दुसऱ्या प्रकारात जातो. महिन्याला १२० तास वर्गात बसलात आणि कार्यक्रम लिहिण्याचे २० तास केलेत, तर त्या २० च्या आधाराने प्रत्यक्ष कामाचे फक्त १३ तास पदरात पडतात. बाकीचा अनुभव मोलाचाच आहे, फक्त तो तक्त्यात बसत नाही. शिवाय पात्र सुपरवायझरशी लेखी करार होण्याआधीचा एकही तास धरत नाहीत, म्हणजे तुमचे आजवरचे तास जमेला येणार नाहीत.

तास वाया कसे जातात? भेटी कमी पडल्या की तो महिनाच जातो. महिन्याच्या फॉर्मवर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत दोघांच्या सह्या लागतात. 'सेमिस्टर संपताना एकदम करू' म्हणणारा सुपरवायझर असेल तर तिथेच सावध व्हा. कागदपत्रं सात वर्षं जपावी लागतात, तेव्हा प्रत स्वतःकडे ठेवा, केंद्राच्या कपाटावर विसंबू नका.

भारतात आयबीए किंवा क्यूबीएसाठी काम करत असाल तरी नोंदवही याच काटेकोरपणे ठेवा: तारीख, वेळ, कामाचा प्रकार, सुपरवायझर हजर होता का, एकट्याची भेट की ग्रुप.

उत्तर: तिसरी रेघ

कोर्स ओळखण्याबद्दल. कुठले विषय आहेत ते विचारू नका, ते सगळीकडे सारखेच दिसतील. 'विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय करून दाखवल्याशिवाय तो पुढे जात नाही?' असं विचारा. चांगल्या कोर्समध्ये उत्तर नेमकं मिळतं: पसंतीची चाचणी (मुलाला काय आवडतं ते पाहण्याची) घेतल्याचा व्हिडिओ, स्वतः गोळा केलेली बेसलाइन (उपाय सुरू करण्याआधीची नोंद), हाताने काढलेला ग्राफ, दुसऱ्या निरीक्षकाशी ताळा. उत्तर 'प्रत्येक मॉड्यूलनंतर क्विझ' असं आलं, तर तो व्हिडिओंचाच कोर्स आहे.

ताळ्याचं उदाहरण देते, कारण शिकवणाऱ्याची पारख त्यावर होते. मूल डोक्यावर हात मारून घेतं. दहा मिनिटांचं निरीक्षण, एकेक मिनिटाचे दहा भाग, प्रत्येक भागात असं झालं की नाही एवढंच लिहायचं. पहिल्या निरीक्षकाने १, २, ३, ५, ८ आणि ९ व्या मिनिटाला खूण केली. दुसऱ्याने २, ३, ४, ६, ८ आणि १० ला. दोघांची बेरीज सहाच, म्हणून नुसत्या बेरजेने ताळा १०० टक्के. आता मिनिटागणिक जुळवा: दोघांनी 'झालं' लिहिलं ते २, ३ आणि ८ ला, दोघांनी 'नाही' लिहिलं ते फक्त ७ ला. दहापैकी चार, म्हणजे ४० टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या खालचा डेटा निर्णयाला वापरायचा नसतो. बहुतेक वेळा घोळ व्याख्येत असतो. 'मारणं' म्हणजे हात डोक्याला टेकला तरी धरायचं, की आवाज झाला तरच? आधी हे लिहा, मग दोघांनी पुन्हा मोजा. जिथे पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्यांकडून हे करून घेतात, तो कोर्स घ्यावा.

प्रबंध असेल तर तो एक-घटक रचनेचा हवा, म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी. समजा तीन मुलांवर बहुविध बेसलाइन. तिघांची बेसलाइन एकाच वेळी सुरू होते, उपाय मात्र एकामागोमाग एक लागू होतो. प्रत्येकाचा आलेख त्याला उपाय लागू झाल्यावरच वर गेला आणि तोवर जागच्या जागी राहिला, तरच उपायामुळे फरक पडला असं म्हणता येतं. बेसलाइनचे किमान पाच बिंदू ठेवा. 'मूल शिकायला तयार आहे, थांबायचं कशाला' म्हणून घाई केली की अभ्यास तिथेच संपतो. नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयात मुलाचीही तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी संमती लागते. न बोलणाऱ्या मुलाचा होकार-नकार कशावरून ओळखणार, हे अर्जात स्पष्ट लिहा.

उत्तर: अंगण

मुलाच्या होकार-नकाराच्या मुद्द्याला धरून. एबीएवर प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींनी गंभीर आक्षेप घेतले आहेत आणि इतिहासात त्यांना आधार आहे. या पद्धतीच्या सुरुवातीच्या दशकांत शिक्षेचा वापर झाला. हात फडफडवणं बंद करणं, डोळ्यांत बघायला लावणं ही ध्येयं कितीतरी वर्षं बिनदिक्कत लिहिली गेली. जो कोर्स यावर एक व्याख्यान देऊन पुढे सरकतो, तो अपुरा आहे. प्रवेशाआधी एवढं विचारा: मूल टेबलापासून उठून गेलं तर तुमच्या विद्यार्थ्याने काय करायचं असतं? 'परत आणून सूचना पूर्ण करून घ्यायची' असं उत्तर आलं तर मी तिथे कुणालाही पाठवणार नाही. उठून जाणं हाही डेटाच आहे: काम अवघड होतं, रीइन्फोर्सर (बक्षीस म्हणून दिलेली आवडीची गोष्ट) शिळा झाला होता, की मूल दमलं होतं, ते शोधायचं. आणि 'नको' म्हणायला, थांबायची खूण करायला शिकवणं हे पहिल्या काही ध्येयांत असलंच पाहिजे.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरी मास्टर्स आता डोक्यातून काढली. आधी बी.एड.ची चौकशी करते, सर्टिफिकेट बदलीचं नक्की झाल्यावर. एक शंका आहे: कोर्समधली सगळी सामग्री इंग्रजी, आणि मुलाच्या घरी पूर्ण मराठी. भाषेचे कार्यक्रम आहेत तसे मराठीत उतरवले तर चालतात का?

उत्तर: कासरा

तसेच उतरवले तर फसतात. मागणी, नाव सांगणं, ऐकून म्हणणं, संवादातलं उत्तर ही विभागणी मराठीलाही तशीच लागू होते. पायऱ्या मात्र मराठीच्या रचनेवरून ठरवाव्या लागतात.

मागणी शिकवताना 'पाणी पाहिजे' हे पूर्ण वाक्य लवकर आणू नका. 'पाहिजे' प्रत्येक वस्तूबरोबर येतं, म्हणून मूल तेवढंच धरतं आणि पाणी असो की बिस्किट, 'पाहिजे' म्हणतं. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आधी 'पाणी', 'बिस्किट', 'उघड' असे सुटे शब्द. दहा-पंधरा वेगवेगळ्या मागण्या मदतीशिवाय येऊ लागल्या की मग 'पाहिजे' जोडा. घरात 'पायजे' किंवा 'हवंय' म्हणत असतील तर तेच बरोबर धरा.

'पाणी पाहिजे का?' असं विचारत शिकवलं तर कित्येक मुलांची मागणीच 'पाहिजे का?' अशी होऊन बसते. म्हणून प्रश्न विचारूच नका. पेला दिसेल असा धरा, तीन-चार सेकंद थांबा, मूल बोललं नाही तर फक्त 'पाणी' म्हणा, त्याने म्हटलं की लगेच द्या. पुढच्या वेळी नुसतं 'पा'.

क्रियापदांत लिंग आडवं येतं. शिकवणारी ताई 'मी जाते' म्हणते आणि मुलगाही 'मी जाते' म्हणतो. मुलग्यासाठी नमुना 'जातो' असाच द्या, किंवा बाबांना, मोठ्या भावाला नमुना द्यायला बसवा. विशेषणांचंही तेच. इंग्रजी तक्त्यात 'बिग' हा एक शब्द आला की पायरी संपते. आपल्याकडे मोठा चेंडू, मोठी गाडी, मोठं फूल. तिन्ही लिंगांच्या वस्तू पहिल्या दिवसापासून मिसळून ठेवा आणि डेटाशीटवर दोन रकाने करा: आकार बरोबर ओळखला का, आणि रूप जुळलं का. 'मोठा गाडी' म्हणणाऱ्या मुलाला संकल्पना आलेली असते. एकच रकाना असेल तर त्याच्या नावापुढे चूक लागते आणि जे येतंय तेच आठवडेच्या आठवडे शिकवलं जातं.

ऐकून म्हणण्याच्या इंग्रजी यादीतले ध्वनीही तसेच उचलू नका. मूल आत्ता जे अक्षर काढतंय तिथून सुरुवात करा: पा, मा, बा, मग काका, मामा, बाबा. त-ट, क-ख अशा जोड्या नंतर, र आणि ळ सगळ्यांत शेवटी. ही यादी वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवूनच पक्की करा. उच्चार तोंडाच्या हालचालीमुळे अडलाय की सरावाअभावी, हे ठरवणं त्यांचं काम आहे, आणि ते ठरेपर्यंत त्या मुलाला चित्रकार्डांवरून मागणी करू द्या.