मदत हवी आहे: ऑब्जेक्ट स्टोरेजमधल्या दशावताराच्या चित्रफिती जेलीफिनवर फार उशिरा सुरू होतात

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये झालेल्या दशावतारी नाटकांची जुनी चित्रीकरणं आम्ही काही जण मिळून जमवतो आहोत. बहुतेक मिनीडीव्ही कॅसेटींवर होती, काही नंतरच्या मेमरी कार्डांवर. दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतो. त्यामुळे एखादा जुना नट कसा बोलायचा हे कळायला बहुतेक वेळा असं चित्रीकरण हाच एक आधार उरतो. मुंबईत, आखातात असलेल्या आपल्या माणसांना आणि अभ्यासकांना हे घरबसल्या बघता यावं म्हणून ही सगळी खटपट.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे: ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, डॉकरच्या कंटेनरमध्ये जेलीफिन, म्हणजे आपल्याच चित्रफिती इतरांना बघू देणारा मीडिया सर्व्हर. चित्रफिती दीड टीबीच्या आसपास, म्हणून त्या ॲमेझॉन एस३च्या पद्धतीने चालणाऱ्या एका ऑब्जेक्ट स्टोरेजच्या बकेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठ्यात ठेवल्या. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली ही बकेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. जेलीफिनला साधा फोल्डर लागतो, तो एस३ थेट वाचत नाही, तेव्हा मध्ये आरक्लोन माउंट, म्हणजे बकेट फोल्डरसारखी दाखवणारं साधन. त्याचा व्हीएफएस कॅश मोड फुल (वाचलेले भाग डिस्कवर ठेवणारा), कॅशची मर्यादा ४० जीबी, बाकी सगळं डीफॉल्ट. जेलीफिनचा डेटाबेस आणि मेटाडेटा व्हीपीएसच्या डिस्कवरच आहे.

मुख्य अडचण अशी की चित्रफीत सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो, आणि पुढे सरकवली की पुन्हा तसंच थांबावं लागतं. एकदा चालू झाली की मात्र अडखळत नाही. एच२६४, एमपी४, ६ एमबीपीएस, म्हणजे चार तासांचं नाटक साधारण ११ जीबी. डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले दिसतं, म्हणजे फाइल आहे तशीच जाते, ट्रान्सकोडिंग (रूपांतर) होत नाही. सिनेमा लोक सुरुवातीपासून बघतात, नाटकाचं तसं नाही. कुणाला फक्त संकासुराचा प्रवेश हवा असतो, कुणाला शेवटचं युद्ध. आमच्याकडे सरकवून बघणं हाच खरा वापर आहे आणि वयस्कर माणसं अर्धा मिनिट गोल फिरताना बघून बंद करून टाकतात.

दुसरं म्हणजे डाउनलोडचं बिल. बघणारे मोजके, तरी साठ्याहून जास्त डेटा बाहेर गेलेला दिसतो. आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की कधी कधी जेलीफिनला फोल्डर रिकामा दिसतो, कंटेनर पुन्हा चालू केला की ठीक होतं.

हे सेटिंग बदलून सुटेल, की बकेटच जवळ आणावी लागेल?

प्रतिसाद

आधी एमपी४ फाइली तपासा. या फाइलींची अनुक्रमणिका, जिला मूव्ह ॲटम म्हणतात, एफएफएमपेग (चित्रफिती हाताळणारं साधन) नेहमीच्या पद्धतीने लिहिताना शेवटी ठेवतं. प्लेअर आधी सुरुवात वाचतो, मग अकरा जीबी ओलांडून शेवटाकडे जातो, मग परत सुरुवातीला. डिस्कवर हे जाणवत नाही. तुमच्याकडे प्रत्येक उडीला नवी रेंज रिक्वेस्ट (फाइलचा ठरावीक भाग मागणारी विनंती) जाते आणि मुंबई ते तिकडचा किनारा नुसतं जाऊन यायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात. एफएफएमपेगमध्ये कोडेक कॉपी ठेवून मूव्हफ्लॅग्जमध्ये फास्टस्टार्ट द्या, म्हणजे अनुक्रमणिका सुरुवातीला येईल. पुन्हा एनकोडिंग होत नाही, दर्जा तसाच राहतो.

सरकवताना लागणारा वेळ कमी करायला आरक्लोन १.६८ किंवा पुढची आवृत्ती घ्या. त्यात व्हीएफएस रीड चंक स्ट्रीम्स आहे, म्हणजे एका फाइलचे अनेक तुकडे एकाच वेळी येतात. १६ स्ट्रीम आणि ४ एमबीचा चंक (तुकडा) इथून सुरुवात करा. डीफॉल्ट चंक १२८ एमबीचा असतो आणि तो एकाच जोडणीवरून येतो. लांबच्या अंतरावर एकच जोडणी हळूहळू वेग धरते. शिवाय यूज सर्व्हर मॉडटाइम लावा, नाहीतर स्कॅन करताना फाइलची तारीख कळण्यासाठी प्रत्येक फाइलमागे एक वेगळी रिक्वेस्ट जाते.

बिलाचं मूळ मला ट्रिकप्लेमध्ये दिसतं. जेलीफिन १०.९ पासून आलेली ही सोय सरकवताना छोटी चित्रं दाखवते, पण ती चित्रं बनवायला अख्खी फाइल वाचावी लागते. दीड टीबीच्या लायब्ररीवर ती चालू केलीत की दीड टीबी बकेटमधून बाहेर! लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ती आणि चॅप्टरची चित्रं दोन्ही बंद करा. तुमच्या वापराला ट्रिकप्ले खरं तर फार उपयोगी आहे, तेव्हा नवी चित्रफीत बकेटमध्ये चढवण्याआधी स्थानिक डिस्कवर असतानाच ती बनवून घेता आली तर बघा.

रिकामा फोल्डर: माउंट व्हायच्या आधी कंटेनर उठतो. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) आरक्लोनची सर्व्हिस नोटिफाय प्रकारची, म्हणजे तयार झाल्यावर तसं कळवणारी ठेवा, डॉकर तिच्यानंतर सुरू होऊ द्या आणि कंटेनरला जोडलेल्या फोल्डरला (बाइंड) आरस्लेव्ह प्रॉपगेशन द्या, म्हणजे नंतर झालेलं माउंटही आत दिसेल. माउंट रीड-ओन्ली ठेवा आणि बकेटची ॲक्सेस की सुद्धा फक्त त्या एका बकेटपुरती, वाचण्यापुरतीच. हा संग्रह चुकून पुसला गेला तर परत कुठून आणणार?

धागाकर्ता

मनापासून आभार. काही फाइलींना फास्टस्टार्ट देऊन पाहिलं, आता पाच-सहा सेकंदांत सुरू होतात. ट्रिकप्ले खरंच चालू होतं, बंद केलं. एक राहिलं: कॅसेटींवरून उतरवलेल्या मूळ डीव्ही फाइली तासाला १३ जीबी आहेत, त्या घरच्या एकाच हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्याही याच बकेटमध्ये टाकू का?

प्रतिसाद

याच बकेटमध्ये नको. त्या कुणी रोज बघणार नाही, ब्राउझरमध्ये चालणारही नाहीत. ॲमेझॉन एस३च्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारख्या थंड साठ्यात (क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीचा साठा) स्वतंत्र बकेट करा. तिथे किमान १८० दिवसांचं भाडं लागतं आणि फाइल परत मागवली की १२ तासांपर्यंत थांबावं लागतं, पण मूळ प्रतींना ते चालतं. चढवण्याआधी प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली नाही ना हे पडताळायचा आकडा) काढून वेगळा जपून ठेवा, आणि घरच्या डिस्कची आणखी एक प्रत पावसाळ्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.