मदत हवी आहे : वारीतील अन्नदानासाठी ताटे कोणती वापरावीत?

आळंदी-पंढरपूर पालखी मार्गावरील आमच्या गावात आमचे मंडळ दरवर्षी सुमारे दोन हजार वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढते. २०१८ च्या बंदीनंतर आम्ही थर्माकोलच्या पत्रावळी सोडल्या, परंतु त्यांच्या जागी आणलेल्या कागदी पत्रावळींना आतून प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा होता. खतखड्ड्यात कागद कुजला, पापुद्रा मात्र दिवाळीपर्यंत जसाच्या तसा राहिला. पळसाच्या पत्रावळीतून पातळ पिठले गळते, आणि स्टीलची ताटे भाड्याने आणावीत, तर आमच्याकडे पालखीच्या दिवसांतही पाणी टँकरचेच असते. कमी पाण्यात एवढी ताटे धुण्याची व्यवस्था कोणी प्रत्यक्ष केली असल्यास पाणी व माणसे किती लागली आणि खरकटे पाणी कोठे सोडले, हे कृपया सविस्तर कळवावे. वारकऱ्यांनीच ताट आणावे, ही सूचना मात्र नको. त्यांच्या पाठीवर आधीच पुरेसे ओझे असते.