दिवाळीत आई-बाबांच्या टीव्हीवर जुन्या व्हीसीडी कशा लावाव्यात?

प्रश्न: दिवाळीत गावी सगळे मिळून जुने मराठी सिनेमे बघायचेत. सगळे व्हीसीडीवर आहेत, प्लेअर बंद आहे. पेनड्राइव्हवर कॉपी केले तर टीव्हीत फाइलच दिसत नाही.

प्रतिसाद १: व्हीसीडीतला सिनेमा ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी फाइल म्हणून असतो, बहुतेक टीव्ही ती ओळखत नाहीत. फाइल लॅपटॉपवर घ्या, व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरच्या ‘कन्व्हर्ट’मधून एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), एमपी४ फाइल करा. एच.२६५ ही नवी पद्धत अजिबात नको, जुन्या टीव्हीवर बऱ्याचदा नुसता आवाज येतो, चित्र नाही. पेनड्राइव्हचा फॉरमॅट (फाइली साठवायची रचना) फॅट३२ असू द्या. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच बसते. सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर असतो, म्हणून नावापुढे १, २ लिहा. नाहीतर शेवट आधी लागायचा!

प्रतिसाद २: कॉपी मध्येच अडकली तर तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका, माहितीचा ट्रॅक गोलच असतो, त्याच्या दिशेने ओरखडा पडला की सलग भाग वाचता येत नाही.

प्रतिसाद ३: आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइज (रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३ ठेवा हो. चित्र मुळात त्याच मापाचं, रुंद टीव्हीवर ताणलं की माणसं बुटकी, रुंद दिसतात. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्यात.