2018 ची स्विफ्ट घेतली, थर्ड पार्टी काढू का फुल? (दारव्हा साइड)

कापूसवाला_दारव्हा
राम राम मंडळी. यवतमाळच्या एका मास्तरांकडून 2018 ची पेट्रोल स्विफ्ट घेतली, एका हाताची आहे, गाडी टकाटक. इन्शुरन्स त्यांच्याच नावानं आहे अन् पुढच्या महिन्यात संपून राहिला. एजंट म्हणते झिरो डेप घ्या (पार्टचे पैसे जुनेपणाची कपात न करता भेटतात म्हणे), इंजिन प्रोटेक्ट घ्या, आरटीआय घ्या (रिटर्न टू इन्व्हॉइस, गाडी पूर्ण गेली तर बिलाएवढी रक्कम), अजून काहीबाही सांगत होता, आकडा ऐकून बायकोनं त्याले चहा पण नाही विचारला. साळा म्हणते कायले पैसे घालवता भाऊजी, थर्ड पार्टी काढा, पोलिसाले दाखवाले तेवढं पुरते. आता आमचा रोड म्हणजे रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं, पावसाळ्यात गावाच्या अलीकडे रपट्यावरून पाणी. अन् गाडीत मी एकटा कधी नसतोच, कोणाले दवाखान्यात न्या, कोणाले शेगावले न्या. काय घ्यावं सांगा.

बाभूळगावचा_पोट्टा
भाऊ थर्ड पार्टी काढ अन् मोकळा हो. एवढ्या जुन्या गाडीले फुल इन्शुरन्स म्हणजे म्हाताऱ्या बैलाले पोळ्याची झूल. स्विफ्ट 1000 ते 1500 सीसीत बसते, त्याचा रेट सरकारनं 2022 साली 3416 ठरवला, वर जीएसटी, कोणत्याही कंपनीत जा तेवढाच. काहीच नसलं तर पहिल्यांदा 2000 दंड अन् दुसऱ्यांदा 4000, म्हणून काढाचा, बाकी सब एजंटचे धंदे.

सर्व्हेवाला_अमरावती
रेट बरोबर सांगितला, बाकी सल्ला नका ऐकू. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं जे होईल ते. समोरचा माणूस मेला किंवा जखमी झाला तर कोर्ट ठरवेल तेवढं कंपनी भरते, मालमत्तेचं साडेसात लाखापर्यंत. पण तुमच्या गाडीत फुकट बसलेला शेजारी या 'दुसऱ्या'त धरत नाहीत. उद्या दवाखान्यात नेताना गाडी पलटी झाली अन् मागं बसलेल्या म्हातारीचं काही झालं, तर नुसत्या थर्ड पार्टीवर कंपनी हात वर करते अन् भरपाईचा दावा सरळ मालकाच्या अंगावर येते. फुल, म्हणजे पॅकेज पॉलिसीत बसलेली माणसं येतात, इर्डानं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2009 मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना तसं बजावलं आहे. तुम्ही रोज माणसं बसवता, त्यामुळे माझ्या मते थर्ड पार्टीचा विषय इथंच संपला. रोही-बिही नंतर.

अन् रिन्युअलच्याही आधी, पॉलिसी अजून मास्तरांच्या नावावर का? गाडी तुमची झाल्यावर 14 दिवसांत ती तुमच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागते. नाही केली अन् गाडी ठोकली तर समोरच्याचं कंपनी पाहील, तुमच्या गाडीचे पैसे भेटणार नाहीत, कारण पॉलिसी एकाची अन् गाडी दुसऱ्याची.

कापूसवाला_दारव्हा
आरसीचे कागद आरटीओत टाकले, बाबाच्या नावानं. पॉलिसीचं मास्तर म्हणे राहू द्या माझ्या नावानं, मले 45 टक्के नो क्लेम बोनस आहे, तुमाले स्वस्तात पडते.

सर्व्हेवाला_अमरावती
मास्तर मनानं चांगले आहेत पण बोनस गाडीचा नसते, माणसाचा असते. तो त्यांच्यासोबत त्यांच्या पुढच्या गाडीवर जाईल. तुम्ही शून्यापासून, वर्षभर क्लेम नाही केला का 20 टक्के, मग 25, 35, 45, 50. नावावर करताना राहिलेल्या मुदतीपुरता त्या सवलतीचा फरक कंपनी मागते, एकच महिना आहे तर थोडाच येईल, भरून टाका. शेतीचं फेरफार जसं तातडीनं करता तसं हेही करा.

गॅरेज_नेर
रोहीचं मी सांगतो, आमच्याकडे अशा गाड्या येतच राहतात. रोही उंच जनावर, बंपर, ग्रिल, दोन्ही हेडलाइट, बोनेट, मागचा रेडिएटर अन् एसीचा कंडेन्सर सगळं जाते, कधी अंगच काचेवर येते. फुल पॉलिसीत हे सगळं बसते, रानडुक्कर पण, गारपीट पण, वादळात झाड पडलं तर ते पण. फक्त झिरो डेप नसलं तर प्लास्टिकचं 50 टक्के कापतात, पाच वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याचं 40 टक्के, काचेचं काही कापत नाहीत, वरून 1000 तुमच्या खिशातले. म्हणून झिरो डेप भेटत असलं तर घ्याच. पण गाडीचं वय झालं का बऱ्याच कंपन्या देतच नाहीत, एजंट हो म्हणाला तरी पॉलिसीच्या कागदावर छापून आलं का ते पाहा. आरटीआय नव्या गाडीचं प्रकरण आहे, 2018 च्या गाडीले ते सांगणारा एजंट एकतर नवा आहे नाहीतर लय जुना.

रपट्याचं मात्र डोक्यात ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली अन् घाबरून पुन्हा सेल मारला का पाणी सिलेंडरमध्ये दाबल्या जाते, कनेक्टिंग रॉड वाकते, इंजिन बसते. साध्या फुल पॉलिसीत कंपनी म्हणते हे तुमच्या सेल मारण्यानं झालं, इंजिनचे पैसे नाही. तेवढ्यासाठी इंजिन प्रोटेक्ट. पण घेतलं तरी सेल मारू नका, ढकलून बाहेर काढा अन् टोइंग बोलवा.

कॅशलेस, म्हणजे गॅरेजचं बिल कंपनी परस्पर भरते ते, यवतमाळलेच आहे म्हणून अडू नका. जवळच्या गॅरेजमध्ये काम करून, बिल भरून नंतर पैसे घेता येते, फक्त कंपनीले आधी कळवा अन् सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत बोनेट खोलू देऊ नका कोणाले.

बाभूळगावचा_पोट्टा
गाडीत बसणाऱ्यांचं मले माहीत नव्हतं बाप्पा, मानलं. पण शेगावले नेलं अन् सवारीचे पैसे घेतले तर?

सर्व्हेवाला_अमरावती
पांढऱ्या पाटीवर भाडं घेतलं तर क्लेम गेला समजा. प्रायव्हेट पॉलिसीवर 'भाड्याने वापर नाही' असं लिहूनच असते अन् गावात चौकशी केली का कोणीतरी सांगतेच.

कापूसवाले भाऊ, बाबाच्या नावानं म्हणालात ते राहून गेलं. बाबांकडे लायसन आहे का? पॉलिसीत जो 15 लाखाचा मालक-चालक अपघात विमा जोडतात तो मालक स्वतः, लायसन असलेला, त्याच्यापुरता असते. मालक बाबा अन् चालवणार तुम्ही, तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

कापूसवाला_दारव्हा
बाबाकडे ट्रॅक्टरचं पण लायसन नाही, बैलबंडीवाला माणूस. एजंटनं ते 15 लाखवालं जोडलं आहे.

सर्व्हेवाला_अमरावती
काढायला लावा, लायसनच नाही तर ते बंधनकारक नाही. त्या पैशात तुमच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी बघा. अन् कोटेशनवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, किती टाकली ते पाहा, प्रीमियम कमी दाखवायला ती खाली ओढतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला का गाडी टोटल लॉस धरतात अन् तुम्हाला त्याच आकड्यावर हिशोब भेटते. व्हॉलंटरी डिडक्टिबलच्या (क्लेममध्ये आपण स्वतःहून भरायची जादा रक्कम) रकान्यात शून्य पाहिजे.

कापूसवाला_दारव्हा
उद्या एजंटले बोलावतो. फुल, झिरो डेप भेटलं तर, अन् इंजिनवालं. आरटीआय अन् बाबाचं 15 लाखवालं कटाप. नावाचा अर्ज सोमवारी.

गॅरेज_नेर
जुनी संपायच्या आधीच नवीन काढा. तारीख उलटली का गाडीचे फोटो-व्हिडिओ काढून इन्स्पेक्शन होते, अन् मधल्या दिवसांत रोही आली तर तुमची तुम्ही.