"मरणाची भीती वाटते" म्हणणाऱ्याला "देवाचं नाव घ्या" एवढंच सांगायचं का?

तापीकाठ_शिरपूर (चर्चा सुरू करणारा)

आमच्याकडे मरणाबद्दल बोलणं टाळतात असं कोणी म्हणणार नाही. सकाळी पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान उघडतात. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, उत्तरकार्य आणि गंधमुक्ती कोणत्या दिवशी, दारावर कधी जाऊन यायचं, सगळं चहा होईपर्यंत ठरलेलं असतं. पण त्याच घरात कोणी स्वतःबद्दल "मला भीती वाटते" म्हणालं की सगळ्यांची बोलती बंद होते.

आमचे आप्पा, वडिलांचे थोरले भाऊ, यकृताच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले आहेत. जन्मभर माळकरी. मध्यंतरी एका संध्याकाळी म्हणाले, "माले मरनना भेव वाटस रे भाऊ." भेटायला आलेली मंडळी बसलेली होती. लगेच उत्तर आलं, "आप्पा, तुम्ही माळकरी, तुमले कसाना भेव?" दुसरे म्हणाले, नाव घ्या, सगळं त्याच्यावर सोडा. आप्पांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. तोपर्यंत नुसती भीती होती, आता तिच्या जोडीला लाज आली. एवढं भजन करून आपण घाबरतो म्हणजे आपलीच भक्ती कच्ची, असं त्यांनी नंतर मला एकट्याला बोलून दाखवलं.

माझं मत स्पष्ट लिहितो. मी परलोक, पुनर्जन्म काही मानत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा मी नव्हतो आणि त्या नसण्याचा मला काही त्रास झाला नाही. मेल्यावरचं नसणंही तसंच असणार. मला या विचाराने खरोखर धीर येतो. आप्पांना तो येणार नाही, म्हणून मी त्यांच्यावर लादत नाही. मग श्रद्धेचा धीर तरी का लादावा? माणूस भीती सांगतो तेव्हा त्याला आधी "कशाची?" एवढं तरी विचारावं, असं माझं म्हणणं आहे.

मेहूणची_वाट

दादा, आप्पांना गप्प केलं ते भोवतीच्या माणसांनी. त्याचं खापर श्रद्धेवर फोडू नका.

मी मुक्ताईच्या गावाकडचा. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, पाठोपाठ सासवडला सोपानदेव गेले, १२९७ मध्ये आमच्या तापीकाठी मुक्ताबाई अंतर्धान पावल्या आणि मग त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. आईबाप लहानपणीच गेलेली ही चार भावंडं, वर्ष-दीड वर्षात संपली. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी थोरल्या निवृत्तिनाथांना दुःख आवरेना, हे संप्रदायाने सातशे वर्षं जपून ठेवलंय, लपवलेलं नाही. "माळकऱ्याने घाबरू नये" हा नियम आला कुठून? तो आपल्या ओसरीवरच्या पंचांनी काढलेला आहे.

आणि तुमचं १८१८ चं उदाहरण मला पटत नाही. तेव्हा तुमची लेक नव्हती, घर नव्हतं, शेतात उभा कापूस नव्हता. आता आहे. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचं नसणं आणि ज्याच्या हातातून सगळं सुटणार त्याचं नसणं एकच कसं? मरणाऱ्याला भीती अंधाराची कमी असते, ताटातुटीची जास्त असते. तिथे तुमचा तर्क रिकाम्या हाताने येतो. माझी श्रद्धा निदान एवढं म्हणते की ताटातूट कायमची नाही.

पांझराकाठ

ताटातूट कायमची नाही, याला पुरावा काय? मेहूणच्या भाऊंचा सूर मवाळ आहे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. मरणाऱ्याला न तपासलेलं आश्वासन देणं मला योग्य वाटत नाही.

शिवाय धर्म फक्त धीर देतो, हे अर्धंच चित्र झालं. मी लहान असताना आजोबा गेले आणि घरात गरुड पुराण लावलं. दुपारी सतरंजीवर बायका, आम्ही पोरं पुढे. वाचणारे महाराज वैतरणी नदीचं वर्णन करत होते : पू, रक्त, त्यात गटांगळ्या खाणारा जीव, वरून टोचणारे पक्षी. आजी तोंडाला पदर लावून ऐकत होती. माझ्या आजोबांचं तिथे आत्ता हेच चाललंय, असं मला वाटत होतं. पुढे कित्येक महिने मी रात्री एकटा बाहेर गेलो नाही. ही भीती निसर्गाने दिलेली नव्हती, ती पोथीतून आमच्या घरात आली होती.

मी देहदानाचा अर्ज धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला भरून दिलाय. नेत्रदानाचंही घरात सांगून ठेवलंय, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि त्या वेळी रडारडीत कोणाला सुचत नाही. आपण गेल्यावर घरच्यांनी होकार दिला नाही तर त्या अर्जाचा उपयोग नाही, म्हणून मुलांशी बसून बोललो. त्या बोलण्याने माझी भीती जेवढी कमी झाली तेवढी कुठल्या प्रवचनाने झाली नव्हती.

मेहूणची_वाट

गरुड पुराणाबद्दल वाद नाही. आमच्या गावात बऱ्याच घरांनी ते बंद करून तेरा दिवस भजन ठेवायला सुरुवात केलीय. पण वाईट वाचन होतं म्हणून सगळी श्रद्धाच वाईट, हे तुमच्या तर्कात तरी बसतं का?

रावेर_स्टेशन

मी मुसलमान आहे आणि माझं म्हणणं तुम्हा तिघांपेक्षा वेगळं आहे. भीती घालवायचीच कशाला?

आमच्यात मय्यतीला गेलेला प्रत्येक जण कबरीत तीन मुठी माती टाकतो. त्या वेळी हेच आठवायचं असतं की तू याच मातीतून आलास, यातच जाणार आहेस. कब्रस्तानात अधूनमधून जात राहा, मरण आठवत राहा, अशीच आम्हाला शिकवण आहे. हिशोब द्यावा लागणार ही धास्ती असल्यामुळे मी भावाच्या वाट्याची केळीची बाग दाबली नाही. मनात आलं होतं, खरं सांगतो. मरणाची भीती पूर्ण काढून टाकलेला माणूस मला जास्त धोकादायक वाटतो.

पांझराकाठ

भाईजान, बाग न दाबणं हा तुमचा चांगुलपणा आहे, तो स्वतःकडे ठेवा. परलोक न मानणारेही भावाची बाग सोडतात. आणि हिशोबाची धास्ती बाळगणारे कितीतरी जण बांध कोरतात, हे तुम्ही-आम्ही रोज तलाठ्याकडे पाहतो.

सिस्टर_भुसावळ

मी बरीच वर्षं वॉर्डात काम करते. तुम्ही सगळे मेल्यानंतरचं बोलताय. माझे पेशंट त्याबद्दल क्वचितच विचारतात. जपमाळ हातात असलेला असो की नास्तिक, रात्रीच्या ड्युटीला हळूच विचारतात ते एवढंच : दुखेल का? श्वास कोंडेल का? त्या वेळी कोणी जवळ असेल का? मरणाची भीती आणि मरतानाची भीती वेगळ्या आहेत. दुसरीवर पुष्कळ काही करता येतं आणि तिथेच घरचे कमी पडतात, कारण त्यांना काय होणार हे कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून इथे लिहिते. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप कमी होते. शरीर ते मागतच नाही, माणूस उपाशी मरतोय असं समजू नका. झोप वाढते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर-जांभळे डाग दिसू लागतात. श्वास अनियमित होतो : भराभर चालतो, मग थांबतो, घरच्यांना वाटतं गेले, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. नातेवाइकांना तीच सगळ्यात असह्य होते. गिळता न आल्यामुळे साठलेल्या लाळेतून हवा जाते तेव्हा तो आवाज येतो. त्या अवस्थेत पेशंट बहुतेक शुद्धीवर नसतो, ऐकणाऱ्याला होतो तेवढा त्रास त्याला होत नसतो. पेशंटला एका कुशीला वळवलं की बऱ्याचदा आवाज कमी होतो.

आणि कृपा करून चमच्याने तोंडात गंगाजल ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि ठसका काढायची ताकद उरलेली नसते. तुळशीचं पान बुडवून ओठांना लावा. तुमचा भाव तोच राहतो, पेशंटला इजा होत नाही. बोलत राहा. ऐकू येतंय असं धरूनच आम्ही बोलतो.

दुखण्याचं म्हणाल तर मॉर्फिन आहे. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, तरी "व्यसन लागेल" म्हणून घरचेच नको म्हणतात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला कसलं व्यसन? तापीकाठच्या दादा, आप्पांच्या डॉक्टरांना वेदनाशमनाबद्दल उद्याच विचारा.

पांझराकाठच्या भाऊंना एक सांगते. पेशंट "मी वर जाऊन हिला भेटेन ना?" विचारतो तेव्हा मी पुरावा मागत नाही, "त्या कशा होत्या?" असं विचारते.

गिरणेची_लेक

ताईंनी लिहिलेलं आमच्या घरच्या बायकांना वाचून दाखवलं. आम्हाला हे कोणी सांगतच नाही, कारण आम्हाला स्मशानात नेतच नाहीत. तिरडी दारातून उठली की बायका ओसरीवर थांबतात. पुरुष नदीवर जातात, सरण रचतात, अग्नी देतात, डोळ्यांनी बघतात की माणसाची राख झाली. आमच्यासाठी तो माणूस दारातून जातो तिथेच अर्धवट राहतो. माझ्या आईला वडिलांच्या जळण्याची स्वप्नं पडायची, न पाहिलेल्या गोष्टीची. सासूबाई गेल्या तेव्हा मी हट्टाने गेले. भावकीत बोलणं झालं, पण त्यानंतर मी नीट झोपले.

मी देव मानते की नाही, मलाच ठरवता आलेलं नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर मात्र भरते. कोऱ्या मातीच्या घागरीवर छोटं भांडं, वर खरबूज, आणि चुलीतले निखारे काढून त्यांवर आगारी : तूप, पुरणपोळी, आमरसाचा घास. एकेकाचं नाव घेऊन घास टाकायचा. तूप पडलं की चर्र आवाज येतो, आमरसाचा जळका गोड वास घरभर होतो. सासूबाईंचं नाव घेताना मुलगी विचारते, "आजीला काय आवडायचं?" वर्षातून एकदा आमच्या घरात मेलेल्यांबद्दल हसत बोललं जातं. माझंही नाव असंच घेतील, या कल्पनेने मला बरं वाटतं.

पांझराकाठ

ताई, पितर येतात हे मानत नसाल तर आगारी टाकणं म्हणजे स्वतःची फसवणूक नाही का? आठवण काढायला निखारे कशाला हवेत?

गिरणेची_लेक

मुलांना आजीची आठवण नुसती काढा म्हटलं तर दोन मिनिटांत मोबाईलकडे वळतात. घास हातात दिला की थांबतात. यात फसवणूक मला दिसत नाही. तुम्हीही देहदानाचा कागद मुलांसमोर ठेवूनच बोललात ना?

जामनेरकर

श्रद्धा म्हणजे देव आणि आत्मा, असं सगळ्यांनी धरलंय. आम्ही बौद्ध दोन्ही मानत नाही.

अजिंठा आपल्यापासून फार लांब नाही. २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, सुमारे सात मीटर लांब. बुद्ध उजव्या कुशीवर, डोळे मिटलेले. खाली शिष्यांची रांग आहे, त्यांचे चेहरे जवळून बघा. काही रडतायत, एक हनुवटीला हात लावून सुन्न बसलाय. घडवणाऱ्यांनी शोक झाकलेला नाही आणि निजलेल्याच्या चेहऱ्यावर भीतीही दाखवलेली नाही. मेल्यावर काय होतं, तथागत उरतात का, या प्रश्नाला बुद्धांनी उत्तर द्यायचं नाकारलं. मेहूणचे भाऊ भेटीची खात्री देतात, तापीकाठचे दादा शून्याची. मला दोन्ही खात्र्या जास्तीच्या वाटतात.

तापीकाठ_शिरपूर

मेहूणच्या भाऊंचा ताटातुटीचा मुद्दा मान्य, पण त्यातून निघणारा उपाय मान्य नाही. पुन्हा भेट होईल असं सांगितलं की आत्ताची भेट पुढे ढकलली जाते. आप्पांचा धाकटा मुलगा जमिनीच्या वाटणीवरून त्यांच्याशी बोलत नाही. सगळे म्हणतात, विठ्ठल बघून घेईल. मी म्हणतो, पुण्याची बस सकाळी सुटते, त्याला आणा. विश्वास असता तर कदाचित मीही निवांत बसलो असतो.

मेहूणची_वाट

त्याला आणाच. पण दादा, तो आला नाही तर? किंवा उशिरा आला तर? तुमच्याकडे त्या आप्पांसाठी मग काही उरत नाही. माझ्याकडे उरतं. माझा उपाय तेवढ्यासाठीच आहे.

नवीन_नंदुरबार

इथे लिहायला संकोच वाटतोय. माझं वय २४. घरात कोणी आजारी नाही. रात्री झोप लागता लागता अचानक वाटतं, मी मरणार, एक दिवस मी नसणारच. छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. आई म्हणते दृष्ट लागली, मित्र हसतात. देवाचं नाव घेतलं तर कधी थांबतं, कधी नाही. काय करू?

मेहूणची_वाट

नाव घे बाळा, पण सावकाश, श्वासाबरोबर. आणि डॉक्टरला दाखव. एक केलं म्हणून दुसरं सोडू नको.

सिस्टर_भुसावळ

आधी एकदा ईसीजी आणि थायरॉईड करून घे, म्हणजे शरीराची शंका मिटेल. दोन्ही ठीक आले तर हा बहुतेक पॅनिक अटॅक असतो. साधारण दहा मिनिटांत तो शिखराला जातो आणि उतरतो, त्याने कोणी मरत नाही. आला की उठून पळू नको, पाय जमिनीला टेकवून बस आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. वारंवार होत असेल तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, फुकट, रात्रीही चालू असते, मराठीत बोलतात. आईला हा धागा दाखव.