व्हेल्ड शॅमेलिऑनचा पिंजरा : लाइट, हीट आणि झाडं कशी लावायची?

मंजिरी_के
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ राहतो. लेक बारा वर्षांचा, कधीपासून शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) हवाय म्हणून मागे लागलाय, आणि आता घरात सगळ्यांचा होकार झालाय. एका ब्रीडरकडे व्हेल्ड शॅमेलिऑनचं पिल्लू बुक केलंय, नर आहे, साधारण तीन महिन्यांचा झाला की देणार आहेत. तोवर पिंजरा तयार करून ठेवावा असं मनात आहे.

दुकानात गेलो तर त्यांनी एक किट दाखवलं. काचेची टाकी, पिळाचा यूव्ही बल्ब, एक बास्किंग बल्ब (ऊब घ्यायला), रात्रीसाठी लाल बल्ब आणि प्लास्टिकच्या वेली. अजून घेतलेलं नाही. हॉलमध्ये दक्षिणेकडची मोठी खिडकी आहे, दिवसभर मस्त ऊन येतं, तिथे ठेवला तर वेगळा यूव्ही लाइट लागेलच का? हिवाळ्यात रात्री आम्ही घराचा थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर आणतो, त्याला गारठेल का? आणि खरी झाडं लावलेली बरी की प्लास्टिकचीच, कारण घरात मनी प्लँट भरपूर आहे पण तो विषारी असतो असं वाचलं. ज्यांनी पाळलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना प्लीज.

डोंगरवाट
मंजिरी, ते किट अजिबात घेऊ नका. पिल्लू यायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण या प्राण्याचं आजारपण बहुतेक वेळा पिंजऱ्यातूनच सुरू होतं.

आधी खिडकीचं. शॅमेलिऑनला उन्हातले यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण लागतात, आणि खिडकीची काच यूव्हीबी जवळपास सगळा अडवते, त्यामुळे काचेतून आलेलं ऊन कितीही लख्ख असलं तरी त्या कामाचं नाही, उलट काचेच्या टाकीवर ते थेट पडलं तर आत भट्टी होते. पिंजरा जाळीचा घ्या, पूर्ण वाढलेल्या नराला २ फूट बाय २ फूट बाय ४ फूट उंच. हा झाडावरचा प्राणी आहे, त्याला उंची लागते. आणि जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, वरची फांदी आपल्या डोक्याच्या वर गेली की तो निवांत असतो.

यूव्हीबीसाठी टी-५ हाय आउटपुटची लांब ट्यूब, रिफ्लेक्टरवाल्या फिक्स्चरमध्ये. आर्केडियाची ६ टक्केवाली किंवा झू मेडची रेप्टिसन ५.० घ्या. पिळाच्या बल्बचा यूव्ही एवढ्याशा पट्ट्यात पडतो, ट्यूब पिंजऱ्याच्या रुंदीभर देते. यूव्हीबीशिवाय त्याच्या कातडीत व्हिटॅमिन डी-३ बनत नाही, डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटायला लागते. एकदा वाकलेली हाडं परत सरळ होत नाहीत हो, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. मुख्य फांदीवर यूव्ही इंडेक्स (यूव्हीच्या तीव्रतेचं माप) ३ च्या आसपास हवा. ट्यूब जाळीच्या वर ठेवली तर जाळीच ३०-४० टक्के यूव्ही खाते, तो हिशोब धरून वर सांगितलेल्या ट्यूबला फांदी अशी बांधा की तो बसल्यावर त्याची पाठ जाळीपासून ८-९ इंच खाली येईल. मोजायला सोलरमीटर ६.५ मिळतो, महाग आहे, तुमच्या भागात रेप्टाइल पाळणाऱ्यांचा ग्रुप असेल तर एक दिवस उसना मागा. ट्यूब दर वर्षी बदलायची, ती पेटलेली दिसते पण तिच्यातला यूव्हीबी तोवर उतरलेला असतो.

आता हीट. साधा हॅलोजन किंवा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब पुरतो, तोही जाळीच्या वर, आणि त्यालाही तेच ८-९ इंचाचं अंतर. किती वॉट ते आधी सांगता येत नाही, तुमच्या खोलीवर आहे, म्हणून प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर फांदीवर त्याची पाठ येईल तिथे लावा आणि आकडा बघून बल्ब ठरवा. पिल्लाला ८० फॅरनहाइट, मोठ्या नराला ८५ पर्यंत, आणि पिंजऱ्याचा खालचा भाग ७२-७५. हा उतार फार महत्त्वाचा, त्याला वर ऊब आणि खाली गारवा दोन्ही मिळायला हवं म्हणजे तो स्वतःच जागा बदलतो. बल्ब जवळ असेल तर डोक्यावरचा तुरा आणि पाठीचा कणा भाजतो, कारण सगळं अंग तापेपर्यंत तो हलत नाही आणि तोवर वरची कातडी गेलेली असते.

आकड्यांइतकंच त्याच्याकडे बघायला शिका. सकाळी लाइट लागला की तो गडद होतो, एक कूस बल्बकडे करून पानासारखा चपटा होतो, बरगड्या मोजता येतील इतका, मग हळूहळू रंग उजळतो आणि तो झाडात निघून जातो. हे झालं की समजायचं हीट बरोबर आहे. तोंड उघडून बसला तर जास्त होतंय. दिवसभर बल्बखालीच चिकटून असेल तर कमी पडतंय.

रात्री ६५ म्हणजे उत्तमच. मूळचा येमेन आणि सौदीच्या नैऋत्येच्या डोंगरातला प्राणी, रात्रीचा गारवा त्याला हवाच असतो. लाल बल्ब नको, त्याला तो उजेड दिसतो आणि झोप मोडते. टायमर लावून १२ तास दिवस, १२ तास मिट्ट काळोख.

पानकळा
डोंगरवाट यांच्या लाइटबद्दलच्या सगळ्याला अनुमोदन. मी झाडांचं सांगते.

खरीच झाडं लावा. व्हेल्ड शॅमेलिऑन पानं खातो, मोठा झाला की मजेत ओरबाडतो, आणि प्लास्टिकचा तुकडा पोटात गेला तर आतडं तुंबायची भीती. मनी प्लँट मांजर-कुत्र्यांना त्रासदायक म्हणून त्याचं नाव वाईट झालंय, पण शॅमेलिऑनवाले तो वर्षानुवर्षं लावतायत, माझ्याकडचा रोज एखादं पान कुरतडतो. त्याच्या जोडीला शेफ्लेरा, म्हणजे ते छत्रीसारख्या पानांचं, आणि जास्वंद. जास्वंदीचं फूल तर देठासकट फस्त होतं. फायकस बेंजामिना छान दाट होतो पण तोडल्यावर पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर चुरचुरतो, म्हणून मी टाळते.

नर्सरीतून आणलेलं झाड तसंच आत ठेवू नका. पानं दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली धुवा, माती पूर्ण झटकून नवीन साध्या मातीत लावा, कारण विकतच्या कुंडीत खताच्या गोळ्या आणि पर्लाइटचे पांढरे दाणे असतात आणि तो ते किडा समजून जीभ मारतो. वर नदीतले गोटे पसरा, त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे.

मांडणी करताना सगळीकडे झाडं कोंबू नका. एका बाजूला दाट आडोसा, जिथे शिरला की तो तुम्हाला दिसतच नाही, आणि मध्ये आडव्या फांद्यांचे रस्ते, काही बोटाएवढ्या, काही त्याहून बारीक. लपायला जागा असली की तो उलट जास्त बाहेर येतो. खालच्या झाडांपर्यंत यूव्ही ट्यूबचा उजेड पोचत नाही, त्यासाठी ६५०० केल्विनचा एलईडी शेजारी लावा, नाहीतर शेफ्लेरा पानं गाळतं.

पाण्याचंही इथेच सांगते कारण ते झाडांशीच जोडलेलं आहे. तो वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. रात्री लाइट गेल्यावर आणि पहाटे लाइट यायच्या आधी मिस्टिंग (पाण्याचा बारीक फवारा) करा, दिवसा वरून एक ड्रिपर पानावर ठिबकत ठेवा, खाली पाणी जायला ट्रे. गार आणि ओलं चालतं, गरम आणि ओलं नाही, कोंदट दमट हवेत छातीचं इन्फेक्शन होतं. दिवसा पानं पूर्ण सुकली पाहिजेत. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटरमुळे हवा फार कोरडी होते, तेव्हा पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बाहेरून प्लास्टिक शीट लावा, पुढची बाजू आणि वरची जाळी उघडी. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच राहिला तर पाणी पुरतंय, नारिंगी झाला तर कमी पडतंय.

सांगलीकर_९
छान माहिती. जरा वेगळं विचारतो, आमच्या मळ्यात कुंपणावर घोयरा सरडा सापडलाय, पोरांनी खोक्यात ठेवलाय. त्याला पण असाच पिंजरा करून पाळता येईल का?

डोंगरवाट
सांगलीकर, नाही, आणि कृपया आजच सोडा. घोयरा म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन, तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं, पाळणं, विकणं सगळाच गुन्हा. धडधाकट असेल तर जिथे सापडला त्याच कुंपणावर संध्याकाळच्या आत ठेवून द्या, लांब कुठल्या जंगलात नेऊ नका. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, घरी औषधपाणी करत बसू नका. आणि पोरांना एक सांगा, तो विषारी नसतो, त्याच्या चावण्याने माणूस मरत नाही, आजूबाजूच्या लोकांनाही सांगा म्हणजे कोणी काठी घेऊन धावणार नाही.

सांगलीकर_९
बरं झालं विचारलं. पोरं घेऊन निघालीत सोडायला.

मंजिरी_के
डोंगरवाट, पानकळा, किती मनापासून लिहिलंत दोघांनी! लेकाने सगळं वहीत उतरवून घेतलं, किट रद्द, जाळीचा पिंजरा आणि ६ टक्केवाली ट्यूब ऑर्डर केली. आता दोनच शंका. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार फुटी पिंजरा फार मोठा होईल का, त्याला किडे सापडतील का? आणि यूव्ही आहे म्हणजे डी-३ ची पावडर वेगळी नको ना?

पानकळा
मोठा पिंजरा चालतो, फक्त किडे मोकळे सोडू नका. एक उभट प्लास्टिकचा डबा त्याच्या नेहमीच्या फांदीजवळ टांगा आणि किडे त्यातच द्या, तो डबा ओळखायला लागतो. पावडर म्हणाल तर रोज बिना डी-३ चं कॅल्शियम अगदी हलकं भुरभुरायचं, आणि महिन्यातून दोनदा डी-३ आणि व्हिटॅमिन ए असलेलं मल्टिव्हिटॅमिन. यूव्ही नीट असताना रोज डी-३ दिलं तर ते अंगात साठतं, तेही वाईटच.

डोंगरवाट
आणि एक, झाडं-फांद्या लावून झाल्या की पिल्लू यायच्या आधी आठवडाभर सगळं रिकाम्या पिंजऱ्यात चालवून बघा, लाइट, मिस्टिंग, टायमर सगळं. वरची फांदी, मधली आणि तळ, तिन्हीकडचं तापमान सकाळ, दुपार, पहाट लेकालाच लिहायला सांगा. फांदीवर ८० च्या वर गेलं तर कमी वॉटचा बल्ब लावा, फांदी खाली घेऊ नका, नाहीतर यूव्हीचं अंतर बिघडेल. झाल्यावर आकडे इथे टाका, बघून सांगतो.